किंमत चुकली म्हणून कंपनीने ऑर्डर रद्द केली, तर काय करावं?

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या एका वहिनींनी ऑनलाइन शिलाई मशीन मागवलं. एरवी आठ हजारांच्या आसपास मिळणारं मशीन सेलमध्ये ५,४०० रुपयांना दिसत होतं. यूपीआयने पैसे गेले, ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला, मंगळवारी घरी येईल असंही कळलं. सोमवारी रात्री दुसरा मेसेज: किंमत दाखवताना तांत्रिक चूक झाली, ऑर्डर रद्द. वहिनींनी पुन्हा ते पान उघडलं तर तेच मशीन, तोच विक्रेता, किंमत ७,९००. फोन हातात घेऊनच त्या आमच्या दारात आल्या. ‘भाऊजी, ह्यांच्यावर केस टाकायची की नाही, तेवढं सांगा की.’

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, वकील नाही. पण गल्लीतल्या लोकांचे असले अर्ज लिहून देता देता एक गोष्ट लक्षात आली आहे. केस टाकण्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही. त्याआधीची कामं नीट केली तर पैसे हातात येतात आणि ती केली नाहीत तर केस टाकूनही फारसं काही पदरात पडत नाही.

पहिल्या तासातलं काम: पुरावा

चिडून कस्टमर केअरला फोन लावण्याआधी स्क्रीनशॉट काढा. ऑर्डर क्रमांक, तारीख आणि किंमत एकत्र दिसेल असा एक. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज किंवा ईमेल. रद्द केल्याचा मेसेज, त्यातलं कारण पूर्ण वाचता येईल असा. विक्रेत्याचं नाव. यूपीआयमधली नोंद, तिचा बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसेल अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो लोक विसरतात: तीच वस्तू आता कितीला दाखवत आहेत त्या पानाचा. वर घड्याळाची वेळ दिसली पाहिजे, म्हणून चित्र कापू नका. हे सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा, कारण रद्द झालेल्या ऑर्डरच्या पानावरचे तपशील पुढे बदलू शकतात.

चॅटवर बोलताना एक सापळा असतो. पलीकडचा माणूस गोड बोलून विचारतो, ‘मग मी ऑर्डर रद्द करून रिफंड सुरू करू ना?’ तुम्ही ‘हो, करा’ म्हटलंत की नोंद होते, ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द. पुढे सगळा वाद तिथेच बसतो. तेव्हा लिहायचं ते एवढंच: ‘ऑर्डर मी रद्द केलेली नाही, तुम्ही केली आहे. माझे पैसे परत करा, बाकी तक्रार कायम आहे.’ ह्या चॅटचाही स्क्रीनशॉट.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा, खरं उत्तर द्या

ती किंमत बघून तुम्हाला काय वाटलं होतं? ‘सेल लागला’ असं, की ‘ह्यांची चूक झालीय, पटकन घेऊन टाकू’ असं?

हा प्रश्न नैतिकतेचा नाही, कायद्याचा आहे. खडे बाजारातल्या दुकानाच्या काचेत साडीवर किंमत लावलेली असते, तेव्हा दुकानदार फक्त ‘या, बघा’ म्हणत असतो. तुम्ही ती मागता आणि तो ‘घ्या’ म्हणतो, तेव्हा व्यवहार ठरतो. वेबसाइटवरच्या किमतीचंही तेच. म्हणून नुसती वस्तू कार्टमध्ये टाकली आणि नंतर किंमत बदलली, तर फार काही करता येत नाही. पण कंपनीने पैसे घेतले, ऑर्डर पक्की म्हणून कळवली, येण्याचा दिवस सांगितला, तर तो ‘घ्या’ म्हटल्यासारखाच झाला, असं म्हणायला जागा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २२ सांगतं की केवळ एका बाजूची वस्तुस्थितीबाबत चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करण्याजोगा ठरत नाही. कंपनीची चूक म्हणून तुम्ही का सोसायचं, ह्या म्हणण्याला आधार आहे तो हा.

मात्र चूक तुम्हाला कळत होती आणि तरी तुम्ही हात मारलात, तर पारडं फिरतं. सिंगापूरमध्ये २००३ साली एका वेबसाइटवर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला पडला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. तिथल्या न्यायालयाने करारच रद्दबातल ठरवला आणि २००५ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं, कारण खरेदीदारांना चूक ठाऊक होती. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण तर्क कुठल्याही न्यायाधीशाला पटेल असा आहे. आपल्याकडे उलट बाजूचं उदाहरण ओडिशाचं. २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने अ‍ॅमेझॉनवर १९० रुपयांना दिसणारा लॅपटॉप मागवला, ऑर्डर पक्की झाली आणि मग किमतीच्या घोळाचं कारण देऊन रद्द झाली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने भरपाई आणि खर्च मिळून ४५ हजार रुपये द्यायला लावले. आता ह्यात दोन गोष्टी बघा. सहा वर्षं गेली. आणि मिळाले ते पैसे, लॅपटॉप नाही.

माझं मत विचाराल तर १९० रुपयांच्या लॅपटॉपच्या मागे लागू नये. पण ५,४०० चं शिलाई मशीन वेगळं. सणाच्या सेलमध्ये तेवढी सूट मिळते, आपण विश्वास ठेवतो आणि कंपनीलाही तो ठेवायलाच हवा असतो. म्हणून तर ती जाहिरात करते. अशा मधल्या किमतींच्या प्रकरणात ग्राहकाची बाजू सगळ्यात भक्कम असते. एकच नग घेतला असेल तर आणखी भक्कम. विकायला म्हणून दहा फोन मागवले असतील तर ग्राहक कायदा तुम्हाला ग्राहकच मानत नाही. वहिनींसारखं स्वतः शिवून पोट भरायला मशीन घेतलं तर मानतो.

कॅश ऑन डिलिव्हरी होती म्हणून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे दिलेला जसा ग्राहक, तसा द्यायचं कबूल केलेलाही ग्राहकच.

पैसे मूळ खात्यातच मागा

‘रिफंड लवकर हवा तर आमच्या वॉलेटमध्ये घ्या’ असं सांगतात. घेऊ नका. ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात मागा आणि परताव्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. तो असला की बँकेत जाऊन विचारता येतं, नसला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. ईएमआयवर घेतलं असेल तर बँकेने कापलेली प्रोसेसिंग फी परत आली का ते बघा, नसेल तर ती वेगळी मागा. वापरलेलं कूपनही परत मागा.

ह्याच दिवसांत ‘रिफंड विभागातून बोलतोय’ असे फोन येतात. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं करायला लावून पैसे गेलेच, तर त्या मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार

कस्टमर केअर म्हणजे तक्रार निवारण अधिकारी नव्हे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. बहुतेक वेळा तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. मजकूर साधा ठेवा, शिव्याशाप नकोत:

‘दिनांक … रोजी ऑर्डर क्रमांक … ने मी … ही वस्तू … रुपयांना घेतली. पैसे त्याच दिवशी दिले, व्यवहार क्रमांक …. ऑर्डर पक्की झाल्याचं तुम्ही त्याच दिवशी कळवलं. दिनांक … रोजी किंमत चुकल्याचं कारण देऊन तुम्ही ती एकतर्फी रद्द केली. मी रद्द केलेली नाही. तीच वस्तू तोच विक्रेता आज … रुपयांना विकत आहे. ठरलेल्या किमतीत वस्तू द्या. ते जमत नसेल तर माझी रक्कम मूळ खात्यात परत करून वर किमतीतला फरक … रुपये द्या. चूक नेमकी कशी झाली आणि त्या किमतीच्या किती ऑर्डरी तुम्ही पोहोचवल्या, हे लेखी कळवा. विक्रेत्याचं पूर्ण नाव आणि पत्ता द्या.’

शेवटच्या दोन मागण्या उगीच नाहीत. त्याच किमतीत काहींना माल पोहोचला असेल तर ‘चूक’ ह्या शब्दातली हवा निघून जाते. आणि विक्रेत्याचा पत्ता लेखी मागितल्यावर देणं त्या वेबसाइटवर बंधनकारक आहे. ‘आम्ही फक्त बाजारपेठ, विकणारा वेगळा’ असं उत्तर येणारच, तेव्हा तक्रार दोघांवरही करा. तक्रार वाचणारा बंगळुरूत नाहीतर गुरुग्राममध्ये बसलेला असतो, म्हणून मराठीत आखून घ्या आणि घरातल्या कॉलेजच्या पोराकडून इंग्रजी करून घ्या.

कंपनीच्या अटींत दोन ठिकाणी बोट ठेवा. एक, ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर ती दंड घेते का? घेत असेल, तर नियम असा की स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसाच भार सोसायला हवा. दुसरी अट जवळपास सगळीकडे असते: ‘माल पाठवल्यावरच करार झाला असं मानलं जाईल.’ तिला घाबरून माघार घेऊ नका, पण पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तर सगळी मदार तिला अन्यायी ठरवण्यावर ठेवू नका. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट कायद्याने अन्यायी करारात मोडते हे खरं, पण अन्यायी करारावर निकाल द्यायचा अधिकार राज्य आयोगापासून वर आहे. जिल्ह्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा हे दोन मुद्दे धरा.

१९१५, आणि तेही मराठीत

अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. सीमाभागातल्या माणसाला कुठल्या ऑफिसात कुठली भाषा चालेल ह्याची धास्ती असतेच. इथे ती नको, ही हेल्पलाइन मराठी आणि कन्नड दोन्ही बोलते. तक्रार नोंदली की डॉकेट क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. हे न्यायालय नव्हे, कुणाला आदेश देऊ शकत नाहीत. पण कस्टमर केअरला महिनाभर न समजलेली गोष्ट इथून विचारणा गेल्यावर कंपनीला समजू लागते, असं मी तरी बघितलं आहे.

शेवटची पायरी, जिल्हा ग्राहक आयोग

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो.

कुठे भरायचा, हा आपल्या भागातला खास प्रश्न. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या किंवा पोटापाण्यासाठी काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. म्हणजे चंदगडचा माणूस बेळगावच्या उद्यमबागेत कामाला असेल तर त्याला कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही मोकळे. निपाणीत राहून कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्यालाही तसंच. मराठीतून अर्ज चालवायचा असेल तर ही निवड कामाची आहे. बेळगावात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिलेला बरा, मराठी कागद जोडला तर सोबत भाषांतर द्या. राहण्याचा किंवा नोकरीचा पुरावा जोडायला विसरू नका. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्याचा क्रमांक १५१००.

मागायचं काय? ‘मानसिक त्रासाचे पाच लाख’ लिहू नका, वाचणारा हसतो. त्याऐवजी ऑर्डर रद्द झाल्यावर तीच वस्तू दुसरीकडून घ्या, पक्कं बिल घ्या आणि दोन किमतींतला फरक मागा. करार मोडल्याने झालेलं नुकसान मोजायचा हा सरळ हिशेब आहे. वर त्रासाची बेताची रक्कम आणि खर्च. वस्तूच्या चाचणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, एवढंच मी म्हणेन.

वहिनींनी आठवड्यात गणपत गल्लीतल्या दुकानातून तेच मशीन ७,६०० ला घेतलं, बिलासकट. मूळचे ५,४०० चौथ्या दिवशी खात्यात आले होते. फरकाच्या २,२०० साठी पत्र गेलं, महिना गेला, मग १९१५. कंपनीने आधी पाचशेचं कूपन देऊ केलं. वहिनी म्हणाल्या, ‘कूपनने माझं मशीन चालत नाही.’ शेवटी दोन हजार खात्यात पडले. राहिलेल्या दोनशे रुपयांवर त्या अजून कुरकुरतात, आणि दोन वर्षांची मुदत संपलेली नाही ह्याची मला अधूनमधून आठवण करून देतात.