कोकणात एसीशिवाय झोप लागेल असं घर : वाऱ्याची वाट कशी काढायची

कोकणात घर बांधायचं म्हटलं की भेटेल तो सांगतो, भिंती जाड घाला, घर गार राहील. हे जिथे हवा कोरडी आणि रात्री पारा चांगला उतरतो तिथलं शहाणपण आहे. इथे मे महिन्यात दिवसा ३३ आणि रात्री २६ च्या आसपास, भिंतीला गार व्हायला वेळच मिळत नाही, त्यात हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. अंगावर वारा लागला तरच जिवाला बरं वाटतं. कूलर तर आणूच नका, तो आणखी ओल सोडतो.

सोपी कामं आधी. जोतं दोन फूट तरी उचला, आणि त्यावर डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा थर, चोख करून घ्या, जांभा पाणी ओढतो. स्लॅब नको, दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली तुमच्यावर सोडतो. ३० अंशांच्या उताराचं छप्पर आणि मंगलोरी कौलं, १८६५ पासून मंगळुरात बनतायत आणि याच पावसात टिकलीयत. वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढा, म्हणजे सरी पडत असतानाही खिडकी उघडी ठेवता येते. पश्चिमेला पडवी. एवढं कुठलाही जुना गवंडी करून देतो.

आता वारा. इथे मी स्वतः फसलोय म्हणून नीट सांगतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो म्हणून मी झोपायच्या खोलीला पश्चिमेकडे पाच फुटी खिडकी ठेवली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथे बसवेना. बाहेर माडाच्या झावळ्या सळसळतायत आणि आत पडदा जागचा हलत नाही! कारण समोरच्या पूर्वेच्या भिंतीला अख्खं अटॅच्ड बाथरूम, आणि दार बंद. बाहेर जायची वाट नसेल तर वारा आत शिरतच नाही, खिडकी कितीही मोठी करा. शेवटी बाथरूम आखडून कोपऱ्यात घेतलं, पूर्वेला चिरा फोडून खिडकी काढली आणि दाराच्या वर दीड फुटाची झडप बसवली. प्लॅनवर दहा मिनिटांत झालं असतं ते काम, महिनाभर धूळ खाल्ली घराने.

म्हणून प्रत्येक खोलीला समोरासमोर किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींना उघडं हवंच, आणि बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेएवढी तरी हवी, मोठी असेल तर उत्तम. रात्री मतलई वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे जातो, तेव्हा हीच जोडी उलटी कामाला येते. खिडकीचा तळ पलंगाच्या उंचीला, दोन फुटांवर घ्या. गवंडी सवयीने तीन फुटांवर घेतो आणि वारा झोपलेल्या माणसाच्या वरून निघून जातो, तिथे उभं राहून करून घ्या. भिंती उठल्या की गिलाव्याआधी दुपारी तीनच्या सुमारास पलंगाच्या जागी उदबत्ती लावा. बाहेर वारा असताना धूर सरळ वर गेला तर अजून फोडाफोडी स्वस्त आहे, तेव्हाच करा.

छपराखाली साठणारी गरम हवाही काढायची असते. मी आधी आढ्यालाच फट ठेवली होती, जुलैच्या पहिल्या झडीत गाद्या भिजल्या. पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, त्यामुळे फट पूर्वेकडच्या त्रिकोणी भिंतीत, जमेल तितकी उंच काढा. तिरक्या लाकडी पट्ट्या लावा आणि आतून बारीक जाळी, नाहीतर वटवाघळं येतात. फॉल्स सीलिंग शक्यतो नकोच, केलंच तर त्याच्या वरची हवा या फटीतून निघेल असं बघा.

ही जाळी दर मार्चअखेर ब्रशने झाडायची. धूळ आणि कोळिष्टकं बसली की उकडायला लागतं आणि माणसं उगाच कौलांना दोष देतात.