लास वेगासच्या स्ट्रिपवर संध्याकाळी फिरताना

समोरचं हॉटेल हाकेच्या अंतरावर दिसतं, पण इमारतीच इतक्या अवाढव्य की अंतराचा अंदाज हमखास चुकतो. संपूर्ण स्ट्रिप, म्हणजे हॉटेलं आणि कॅसिनोंचा हा मुख्य रस्ता, साधारण पावणेसात किलोमीटर आहे. ती एका दमात चालायचा हट्ट नको. बेलाजिओ हॉटेलच्या आसपासचा मधला भाग निवडा आणि नवीन चपला हॉटेलवरच ठेवा.

बेलाजिओची कारंजी फुकट आहेत. रात्री आठनंतर साधारण दर पंधरा मिनिटांनी खेळ होतो, त्यामुळे एक हुकला तरी धावपळ करू नका. वारा जोराचा असेल तर मात्र खेळ रद्द होतो. मिराज हॉटेलसमोरचा कृत्रिम ज्वालामुखी जुन्या यादीत सापडेल, पण तो 2024 मध्ये कायमचा बंद झाला.

रस्ता बऱ्याच ठिकाणी पादचारी पुलावरूनच ओलांडावा लागतो. पुलावर फोटोसाठी थांबू नका, 2024 पासून तिथं रेंगाळायला कायद्यानं मनाई आहे. पिसांचे मुकुट घातलेल्या मुली किंवा कार्टूनच्या वेशातली मंडळी लाडीगोडीनं फोटोला बोलावतात, मग पैसे मागतात. आधी ठरवा, नाहीतर हसून पुढे चला.

मुलं बरोबर असतील तर कॅसिनोतून वाटेनं सरळ निघा. 21 वर्षांखालच्यांना जुगाराच्या यंत्रांपाशी घुटमळू देत नाहीत. आणि पाण्याची बाटली हवीच. वाळवंट आहे, घाम येतो पण लगेच सुकतो, तहान कळतच नाही. पाय बोलू लागले की स्ट्रिपवरून जाणारी ‘ड्यूस’ बस पकडा, ती रात्रभर धावते.