प्लॅटफॉर्म गेममधली झाडं: या चुका टाळा

लातुरात रविवारी पोरांना गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, उड्या मारत पुढे जायचे प्लॅटफॉर्म गेम करायला शिकवतो. दर बॅचच्या गेममध्ये बाभळीचे काटे, वडाच्या पारंब्या आणि उसळवणारं एखादं फूल असतंच. चुकाही त्याच.

पहिली म्हणजे काट्यांचा चौकोन. बाभळीचं चित्र ६४ बाय ६४ पिक्सेलचं, म्हणून कोलिजनही (म्हणजे धडक मोजायचा अदृश्य आकार) तेवढंच ताणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. चित्राचे कोपरे मोकळे असतात, चौकोनाचे नसतात. काट्याला न शिवताच मेलेला खेळाडू पुन्हा तुमचा गेम उघडत नाही. माझी सवय अशी: मारणाऱ्या वस्तूचा आकार चित्रापेक्षा लहान, धरायच्या वस्तूचा चित्रापेक्षा मोठा. गोडोच्या डीबग मेनूत, म्हणजे चुका शोधायच्या मेनूत, ‘व्हिजिबल कोलिजन शेप्स’ चालू केलं की सगळं उघडं पडतं. ते न बघता ‘सर, कोड बरोबर आहे’ म्हणणाऱ्याचं मी ऐकूनच घेत नाही.

पारंब्यांनी मात्र जास्त डोकं खाल्लंय. एका पोराने वडाचा अख्खा टप्पा केला होता, पारंब्या एकमेकींना खेटून. कॉलेजात प्रदर्शन, आणि आदल्या संध्याकाळी फोन: “सर, दुसऱ्या पारंबीवर गेलं की गडी मधीच पडायलाय.” तोवर त्याने गुरुत्वाकर्षण कमी करून पाहिलं होतं, वेग बदलला होता, शेवटी यूट्यूबवरच्या कुणाचा तरी कोड आणून डकवला होता. त्याने गडी पडायचा थांबला आणि हवेत लटकायला लागला!

दोष भलतीकडेच होता. प्रत्येक पारंबीला एक एरिया-टूडी, म्हणजे कोण आत शिरलं, कोण बाहेर पडलं ते कळवणारा भाग. आत शिरलं की ‘पारंबीवर आहे’ खरं, बाहेर पडलं की खोटं. गडी दुसरीत शिरला तेव्हा खरं झालं, पण मागून पहिली सुटली आणि जाता जाता खोटं करून गेली. अंगाला पारंबी, आणि कोडच्या लेखी हवेत. खरं-खोटं काढून आम्ही तिथे आकडा ठेवला: शिरताना एक मिळवा, सुटताना एक वजा करा, शून्य झाला तरच पाडा. काम एवढंच. १९८२ च्या डाँकी काँग ज्युनियर या गेममध्ये तर दोन वेली एकदम धरल्या की चढणं जलद होतं. तेव्हा ‘एका वेळी एकच वेल’ असं मनाशी धरून कोड लिहूच नका.

वेलीवरून उडी मारताच पुन्हा तिलाच चिकटत असेल, तर पाव सेकंद पकड बंद ठेवा.

उसळवणाऱ्या फुलाला खालून डोकं लागलं तरी वर फेकतं? खेळाडू खाली येत असेल तरच उसळवा. गोडोत वाय, म्हणजे उभ्या दिशेचं माप, खालच्या दिशेला वाढतो, म्हणजे वेगाचा वाय शून्याहून जास्त हवा.

वाऱ्यावर डुलवायचं तर चित्र डुलवा, कोलिजनला हात लावू नका.

शोभेचं गवत आणि चढायची वेल एकाच हिरव्यात रंगवणाऱ्यांना काय बोलावं!

नळातून, म्हणजे उभ्या जाड पाइपातून, निघणारं मांसाहारी झाड सगळ्यांनाच हवं असतं. टायमर लावला, झाड वर-खाली झालं, की पोरं खूश. मग खेळणारा नळावर उतरतो आणि पायाखालूनच चावा बसतो. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स लावून बघा: मारिओ नळावर किंवा नळाला खेटून उभा असेल तर झाड बाहेरच येत नाही. टायमर संपला की आधी खेळाडू किती लांब आहे ते तपासा, जवळ असेल तर झाडाला आतच थांबवा.