ड्रोनपासून जीव वाचवताना या चुका टाळा: युक्रेनच्या आघाडीचे धडे

‘आवाज आला की लपू’ ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. अंगावर येणारा एफपीव्ही ड्रोन (पायलट त्याच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवतो तो स्फोटक ड्रोन) ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने येऊ शकतो. त्याची घरघर कानावर पडेपर्यंत हातात मोजके सेकंद उरतात, तेव्हा धावाधाव म्हणजे बैल गेला नि झोपा केला. शिवाय तो शोधत आलेलाच नसतो. वर काहीशे मीटरवर घिरट्या घालणाऱ्या मॅव्हिकसारख्या साध्या कॅमेरा-ड्रोनने तुम्हाला आधीच हेरलेलं असतं. चुकवायचं ते त्याला.

आणि तो नुसती माणसं बघत नाही, खुणा बघतो. चिखलातले चाकांचे माग, बर्फातून येऊन नेमकी तळघराच्या दाराशी संपणारी पायवाट, खंदकाबाहेर फेकलेले रिकामे डबे, झाडीतून डोकावणारी अँटेना. माणूस छान लपलेला, पण कचरा उघड्यावर!

रात्रीचा भरवसाही फोल आहे. थर्मल कॅमेऱ्याला अंगाची ऊब दिसते. त्यावर उष्णता अडवणारे झगे निघाले, पण ते गुंडाळून उघड्या रानातून चाललात तर आसपासच्या जमिनीपेक्षा थंड असा काळा ठिपका पडद्यावर सरकताना दिसतो. झगा आडोशाला धरून, स्थिर बसण्यासाठी ठीक.

जॅमर, म्हणजे ड्रोनच्या रेडिओ लहरी अडवणारं यंत्र, चालू आहे, तरी ड्रोन येतोच? आधी फ्रिक्वेन्सी बघा. प्रत्येक जॅमर ठरावीक पट्टेच अडवतो आणि समोरचा ते बदलत राहतो. तीन महिन्यांपूर्वीचं यंत्र आज नुसतं ओझं असू शकतं. दुसरं कारण जास्त वाईट. 2024 पासून रशियाने फायबर ऑप्टिकवर उडणारे ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरले, मागोमाग युक्रेननेही. ड्रोनला लावलेल्या रिळातून केसासारखी बारीक तार सुटत जाते, दहा-वीस किलोमीटर. चित्र आणि हुकूम तारेतूनच जात असल्याने रेडिओ लहरी नाहीतच. जॅमर निकामी आणि लहरी पकडून इशारा देणारा डिटेक्टरही गप्प. रशियाच्या कुर्स्क प्रांतात युक्रेनचा सुजा शहराकडे जाणारा रसदीचा रस्ता अशाच ड्रोननी जेरीस आणला. काही ड्रोन रस्त्याकडेला उतरून गाडीची वाट बघत बसतात, म्हणून ‘आकाश मोकळं आहे’ एवढ्यावर गाडी काढू नये. आघाडीजवळची काही शेतं आता या तारांनी भरली आहेत, तिरप्या उन्हात त्या चमकतात.

रणगाड्यावर पत्र्याची शेड चढवणं हा 2024 चा रशियन उपाय. मार थोडा झेलला जातो, पण तोफेचा बुरूज नीट फिरत नाही आणि आतल्यांना बाहेरचं धड दिसत नाही. माझ्या मते हा नाइलाजाचा तोडगा आहे, त्याला युक्ती म्हणवत नाही.

काही शे डॉलरच्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडणं ही वरच्या पातळीवरची चूक. खंदकात शॉटगन आल्या ते यामुळेच, आणि नागपूरच्या सोलर डिफेन्सने मे 2025 मध्ये गोपाळपूरला चाचणी घेतलेलं ड्रोनविरोधी भार्गवास्त्र छोट्या रॉकेटांवर बेतलेलं आहे, तेही यामुळेच.

रस्त्यांवर जाळ्यांचे बोगदे बांधण्याचा उपाय साधा आणि कामाचा. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांची जुनी जाळीही तिकडे गेली आहेत. चूक होते ती नंतर. जाळी बांधून विसरली जाते. स्फोटाने किंवा वाऱ्याने फाटलेल्या एका भोकातून कसबी पायलट ड्रोन आत घालतो, आणि मग आतल्या गाडीला बाजूला वळायलाही जागा नसते. त्यामुळे शिवणारी माणसं जाळीइतकीच आधी नेमावी लागतात.