सरकलेली नदी शोधायची कशी: क्रोमे राइनच्या काठाने

नेदरलँड्समधल्या वाइक बाय ड्यूरस्टेडे गावात वेशीच्या दरवाजावर एक पवनचक्की उभी आहे. तिचं नाव 'राइन एन लेक'. सुरुवात तिथून करा. याच गावापाशी राइन नदीची नेडरराइन ही शाखा नाव बदलून 'लेक' होते आणि क्रोमे राइन, म्हणजे वाकडी राइन, उत्रेख्त शहराच्या दिशेला वळते. एके काळी राइनचा मोठा प्रवाह इकडूनच जायचा. ११२२ मध्ये इथे बांध घालून तिचं तोंड बंद केलं. आज दिसतो तो निवांत ओहोळ, शेजारून सायकल मारावी असा.

पण ही शाखा त्याआधीही जागा बदलत होती. ती जुनी पात्रं शोधायला घरूनच निघा. नेदरलँड्सचा ए.एच.एन. हा उंचीचा नकाशा सर्वांना फुकट बघता येतो. त्यात रंगांची पट्टी पडद्यावरच्या भागापुरती जुळवून घेणारा पर्याय निवडा, नाहीतर सगळं एकाच रंगाचं दिसेल. इथे फरक जेमतेम मीटर-दीड मीटरचा असतो.

गंमत अशी की जुनं पात्र खोल नसून उंच दिसतं. नदीने टाकलेली वाळू दबत नाही. बाजूची चिकणमाती आणि पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) मात्र पाणी उपसल्यावर खचतात. म्हणून रुंद, नागमोडी, बोथट कडांचा उंचवटा शोधा. मध्ये उथळ चर असेल तर बहुधा पात्रच. अरुंद आणि धारदार कडांचा असेल तर तो पूरबांध, सरळसोट असेल तर रेल्वे किंवा महामार्ग. मी पहिल्या वेळी एका वळणदार पूरबांधामागे अख्खी दुपार घालवली. वळण दिसलं की मन भुलतं!

आता प्रत्यक्ष जा. कोथेन, वेर्कहोवन, ओडाइक, बुनिक ही गावं नदीकाठच्या उंचवट्यावर वसली आहेत आणि रस्ते तिच्यासारखेच वळतात. उलट लांगब्रूककडच्या सखल भागात चर, वाफे, रस्ते सगळे पट्टीने आखल्यासारखे. बांध झाल्यावर ती जमीन लागवडीखाली आणली गेली.

खणायला जमीनमालकाची परवानगी लागते. मी चिचुंदरीसारख्या मोल नावाच्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगांवर भागवतो. चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळा. खरखर लागली तर तुम्ही उंचवट्यावर, आणि मेणासारखी चिकटली तर सखल भागात. फेरीसाठी हिवाळ्यातली, पावसानंतरची संध्याकाळ गाठा. तिरप्या उन्हात उतार उठून दिसतो आणि जुन्या चरात पाणी साचलेलं असतं.

शेवटचा थांबा फेख्तेन. तिथला रोमन किल्ला, फेक्टिओ, राइनच्या काठी होता. त्याच्या जवळच जुन्या पात्रात १८९३ मध्ये एक रोमन जहाज सापडलं. आज त्या शेतात उभं राहून नदी बघायची तर क्रोमे राइन किती तरी लांबून जाते.