स्पर्शाने प्रभार देताना या चुका टाळा

पीव्हीसी पाइप लोकरीवर घासला, घरी बनवलेल्या विद्युतदर्शीच्या (विद्युत प्रभार ओळखण्याचं साधन: बरणीच्या झाकणातून आत सोडलेली तार आणि तिच्या खालच्या टोकाला फॉइलच्या दोन पट्ट्या) तारेला टेकवला, फॉइलच्या पट्ट्या फाकल्या. पाइप दूर नेताच पुन्हा मिटल्या. अशा वेळी ‘पाइप नीट घासला नाही’ असं निदान होतं आणि ते बहुधा चुकीचं असतं. पट्ट्या फाकल्या म्हणजे पाइपवर प्रभार होताच. प्रश्न इतकाच, की तो तारेवर उतरलाच नाही की उतरून गळून गेला?

पट्ट्या कशा मिटतात ते बघा. पाइप हलवताच झटकन मिटल्या, तर प्रभार उतरलेला नाही. तुम्ही पाहिलं ते प्रवर्तन: पाइपवरच्या ऋण प्रभाराने तारेतले इलेक्ट्रॉन खाली पट्ट्यांकडे ढकलले, पाइप गेल्यावर ते जागेवर परतले. पाइप दूर गेल्यावरही पट्ट्या फाकलेल्या राहून मग हळूहळू खाली आल्या, तर गळती आहे.

प्रभार उतरत नाही तेव्हा

पाइप नुसता टेकवणं ही सर्वांत मोठी चूक. पीव्हीसी विसंवाहक आहे, म्हणजे त्यातून प्रभार वाहत नाही, त्यामुळे टेकलेल्या बिंदूपाशी असलेला प्रभार तेवढा जातो, बाजूचा तिथेच अडकून राहतो. सुमारे ३० सेंमी लांबीचा पाइप १०-१५ वेळा घासा आणि घासलेला भाग गोल फिरवत तारेवरून ओढत न्या. दोन-तीनदा असं केलं की पट्ट्या फाकलेल्या राहतात.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. मोटार वाइंडिंगची तार तांब्याचीच दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा विसंवाहक थर असतो. दोन्ही टोकं आणि पट्ट्या अडकवायची जागा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा. पट्ट्या गोंदाने चिकटवू नका, मध्ये गोंदाचा थर आला की संपर्क तुटतो. पट्टीला भोक पाडून तारेच्या आकड्यात अडकवा. पट्टी साधारण ४ सेंमी लांब, ६ मिमी रुंद पुरे.

विद्युतदर्शीऐवजी दोऱ्याला टांगलेल्या थर्मोकोलच्या गोळीवर प्रयोग करणाऱ्यांचीही हीच अडचण: थर्मोकोलही विसंवाहक. गोळीला फॉइल गुंडाळा किंवा मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट चांगलं चोळा.

प्रभार गळतो तेव्हा

इथे दोष बहुतेक वेळा आधाराचा असतो. बरणीचं लाकडी किंवा पुठ्ठ्याचं झाकण कोरडं वाटलं तरी ओलावा धरून ठेवतं. प्लास्टिकचं झाकण घ्या आणि तार जिथून जाते तिथे नळाला गुंडाळायच्या टेफ्लॉन टेपचे ८-१० वेढे द्या. एवढ्या स्वस्तात याहून चांगला विसंवाहक मिळणं कठीण. गोळी टांगायला सुती दोरा नको, तंगूस वापरा. १७२९ मध्ये स्टीफन ग्रे या इंग्लिश संशोधकाने रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या सुतळीतून प्रभार दूरवर नेला होता. रेशीम तुटल्यावर त्याने आधाराला पितळी तार लावली आणि प्रयोग बंद पडला. प्रभार त्या तारेतून निघून जात होता.

तारेचं वरचं टोक टोकदार ठेवू नका. टोकापाशी विद्युत क्षेत्र तीव्र होतं आणि प्रभार हवेत निसटतो. टोक वळवून गोल कडी करा किंवा त्यावर फॉइलचा गुळगुळीत गोळा बसवा.

कोकणात पावसाळ्यात हा प्रयोग योजणं म्हणजे हट्टच. दमट हवेत काच-प्लास्टिकवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून वाहून जातो. करायचाच असेल तर बरणी, झाकण, पाइप आणि लोकर हेअर ड्रायरने कोरडी करून लगेच प्रयोग करा. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार उत्तम.

चिन्ह उलटं आलं तर

स्पर्शाने मिळणारा प्रभार देणाऱ्याच्याच चिन्हाचा असतो: लोकरीवर घासलेल्या पीव्हीसीकडून ऋण, रेशमावर घासलेल्या काचेकडून धन. पाइप जवळ असताना दुसऱ्या हाताचं बोट तारेला लागलं, तर इलेक्ट्रॉन शरीरातून निघून जातात. आधी बोट आणि मग पाइप दूर केला, तर तार धन होते. हे प्रवर्तनाने दिलेलं प्रभारण झालं.

प्रभारित विद्युतदर्शीजवळ वस्तू नेऊन तिचं चिन्ह तपासताना पट्ट्या मिटल्या म्हणून विरुद्ध प्रभार ठरवू नका, प्रभार नसलेला हात जवळ नेला तरी त्या थोड्या मिटतात. पट्ट्या आणखी फाकल्या, तरच जवळ आणलेल्या वस्तूचा प्रभार त्याच चिन्हाचा. टांगलेल्या गोळीलाही हाच नियम: आकर्षण पुरावा नाही, प्रतिकर्षण आहे.

गणितातली चूक

+६ आणि −२ नॅनोकूलॉम (प्रभाराचं एकक असलेल्या कूलॉमचा अब्जावा भाग) प्रभाराचे दोन गोळे एकमेकांना टेकवले, तर प्रत्येकावर +२. पण गोळे धातूचे आणि सारख्या आकाराचे असतील तरच. ३ सेंमी आणि १ सेंमी त्रिज्येचे गोळे दूर ठेवून लांब, बारीक तारेने जोडले, आणि त्यांच्यावर मिळून ८ नॅनोकूलॉम प्रभार असला, तर त्याची वाटणी साधारण ६ आणि २ अशी होते. दोन्हींचा विभव (व्होल्टमध्ये मोजतात ती विद्युत पातळी) समान होतो, प्रभार नव्हे. धन प्रभार ‘गेला’ असं म्हणताना प्रोटॉन हलले असं समजू नका. धातूत सरकतात ते इलेक्ट्रॉन, १ नॅनोकूलॉमला सुमारे ६२४ कोटी.