तारेचं घ्यावं की हवेतलं?

औसा तालुक्यात माझं ई-सेवा केंद्र आहे. दुकानात फायबर (काचेच्या तारेतून येणारं नेट) आहे अन् सिमवरचा राउटरही, म्हणून गावात कुणाला नेट घ्यायचं असलं की आधी माझ्याकडं येतात. मी उलट विचारतो, "वायर तुटली तर जोडायला कोण येणार, अन् कुठून?" माणूस गावातला असेल तर डोळे झाकून फायबर घ्या. लातूरहून येणार असेल तर तीन दिवस धरून चाला. ऐन पीक विम्याच्या गर्दीत रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं आमची वायर तोडली, तेव्हापासून मी सिम जवळ ठेवतो.

हवेतलं घ्यायचं तर ज्या कंपनीचं घेणार तिचं सिम फोनमध्ये टाकून रात्री नऊला माळवदावर चढा. दुपारी सगळ्यांचंच पळतं. रात्री एका टॉवरवर अख्खं गाव असतं. सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस'खाली सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ९० च्या आत असेल तर घ्या, उणे ११० दिसला तर नाद सोडा.

शेजारच्या गावातून डिशवर नेट घेणार असाल तर तिथली अन् तुमची, दोन्ही डिशांना एकमेकी दिसल्या पाहिजेत. माझ्या मेव्हण्यानं पानगळीत डिश बसवली. चैत्रात मधला लिंब फुटला अन् स्पीड निम्म्यावर आली. लिंब तोडायचा नव्हता, मग पाइप दहा फूट वाढवला. आभाळ भरून यायला लागलं की राउटरचा प्लग अन् डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. वीज वायरीवाटे घरात उतरते.

फायबरवाल्याला पॉवर मीटर (वायरीतून येणारा उजेड मोजायचं यंत्र) लावून आकडा दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका. उणे २० च्या आसपास ठीक. उणे २७ च्या पलीकडं गेला की लाल दिवा लुकलुकतो अन् नेट बंद. वायर खिळ्याला करकचून गुंडाळू नका, आत काच असते.

लाइट जातेच. राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट बघून (बहुतेक १२ असतात) तसला मिनी यूपीएस, म्हणजे राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी घ्या. पण फायबरवाल्याच्या पेटीला बॅटरी आहे का, हे आधी विचारा. तिकडं अंधार असेल तर तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य.

अन् सवलतीला भुलून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. पैसे गेले की फोन उचलत नाहीत. मी अजून महिन्याचंच भरतो.